भिंत, कॅमेरा आणि चाचणीचा एक तास



चालकांचे पत्र आले तेव्हा आम्ही त्यांना प्रामाणिकपणे कळविले की, आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. वडील मुंबईस गिरणीत साच्यावर होते. १९८२ चा संप झाला, घरची चूल थंडावली आणि आमची शाळा सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, रात्रीच्या वर्गांत आणि चौकशीच्या टेबलापुढे. या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आम्ही समोर बसून ऐकावे, हीच आजवरची रीत. चालकांचे उलट उत्तर आले, "तुम्हांला जे ठाऊक आहे तेवढेच सांगा." तेवढेच सांगण्यास उभे आहोत.

आमची संघटना मांडव घालणाऱ्यांची, दिवे लावणाऱ्यांची, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांची आणि कॅमेरा चालविणाऱ्यांची आहे. सभा असो, लग्न असो, गणेशोत्सव असो की कबड्डीचे सामने असोत, ही मंडळी सर्वांच्या आधी येतात आणि सर्वांच्या नंतर जातात. अलीकडे त्यांत एका नव्या मंडळीची भर पडली आहे, ती एलईडी वॉल उभी करणाऱ्यांची. पूर्वी व्यासपीठाच्या मागे रंगविलेला पडदा असे. आता तेथे प्रकाशाची भिंत असते, आणि तिच्यासमोर वक्ता, व वक्त्यासमोर दूरचित्रवाणीचा कॅमेरा.

ही भिंत आणि हा कॅमेरा यांचे एकमेकांशी पटत नाही. ते का पटत नाही आणि पटवून कसे घ्यावे, हा आजचा विषय. कामगार-कार्यकर्त्याने या यंत्रांच्या भानगडीत कशाला पडावे, असे आपणांस वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. या दोन यंत्रांच्या भांडणात आमच्या एका माणसाची मजुरी कापली गेली, आणि ती परत मिळवावयाची तर ते भांडण समजून घेण्यावाचून आम्हांस गत्यंतर नव्हते.

तीन दिवसांची मजुरी

गोष्ट फार जुनी नाही. एका मोठ्या मैदानावर दुपारचा समारंभ होता. चार कॅमेरे होते आणि घरोघरी थेट प्रक्षेपण चालले होते. वक्त्याच्या मागे पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी भिंत होती. भाषण सुरू झाले आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांस वक्त्याच्या पाठीमागे काळसर आडवे पट्टे दिसू लागले. पट्टे एका जागी थांबत नव्हते. हळूहळू वर सरकत होते. मैदानात हजारो माणसे बसली होती, त्यांपैकी एकालाही पट्टा दिसला नाही. घरच्या पडद्यावर मात्र पट्ट्यांवाचून दुसरे काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने निकाल दिला. पट्टे सर्वांत ठळक दिसले ते दोन नंबरच्या कॅमेऱ्यातून. तेव्हा दोन नंबरच्या कॅमेरामनची तीन दिवसांची मजुरी कापावी आणि पुन्हा त्याला बोलावू नये. वीस वर्षे कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला हा माणूस आमच्या कचेरीत आला. तो भांडावयास आला नव्हता. तो म्हणाला, "दादा, पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण माझी चूक काय झाली तेवढं तरी मला कुणीतरी सांगा."

आम्हांस ते सांगता आले नाही. इतकी वर्षे संघटना चालविली, करार केले, मोर्चे नेले; पण आमच्याच माणसाच्या हातांतील यंत्राविषयी आम्हांस काडीचे ज्ञान नव्हते. त्या रात्री लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एलईडी वॉलवाल्या पोरांच्या गोदामात जाऊन बसू लागलो, ओबी व्हॅनमधल्या मंडळींस प्रश्न विचारू लागलो आणि वही काढून लिहू लागलो. त्या वहीतले चार धडे आज आपल्यापुढे ठेवतो.

डोळ्याला न दिसणारी उघडझाप

एलईडी म्हणजे विजेवर प्रकाश देणारा अर्धवाहकाचा एक सूक्ष्म खडा. तांबडा खडा १९६२ साली निक होलोन्याक या अमेरिकी संशोधकाने करून दाखविला. हिरवा पुढे आला. पण तेजस्वी निळा काही केल्या साधेना, आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही, चित्र पुरे होत नाही. तो निळा १९९० नंतर जपानमध्ये साधला. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यांपैकी नाकामुरा यांची कथा कामगारांनी ऐकण्यासारखी आहे. ते एका कंपनीत नोकरीस होते. शोधाबद्दल कंपनीने त्यांस बक्षीस दिले ते २०,००० येनांचे. पुढे ते कोर्टात गेले. २००४ साली टोकियोच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने २,००० कोटी येनांचा निवाडा दिला आणि २००५ साली सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. प्रकाश निर्माण करणाऱ्यालाही आपला हक्क मागावाच लागतो, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे. असो.

आता मुख्य गोष्ट. भिंतीवरचा एखादा दिवा मंद करावयाचा असेल तर काय करतात? घरच्या कंदिलाची वात आपण खाली करतो, तसे येथे करीत नाहीत. विजेचा प्रवाह कमी-जास्त केला तर एलईडीचा रंगही थोडा पालटतो. म्हणून दिवा पूर्ण तेजाने लावतात आणि लगेच विझवितात, पुन्हा लावतात, पुन्हा विझवितात. लागलेला काळ अधिक असला तर दिवा उजळ भासतो आणि विझलेला काळ अधिक असला तर मंद भासतो. ही उघडझाप सेकंदाला शेकडो, हजारो वेळा चालते. जुन्या किंवा स्वस्त भिंतीत ती ९६० वेळा होते, बऱ्या भिंतीत १९२० वेळा, आणि चित्रणासाठी म्हणून बनविलेल्या भिंतीत ३८४० वेळा किंवा त्याहूनही अधिक.

शिवाय सगळ्या ओळी एकदम लागत नाहीत. खर्च वाचविण्यासाठी आठ-आठ किंवा सोळा-सोळा ओळींत एकच चालक-चिप वाटून देतात, आणि ती चिप त्या ओळी आळीपाळीने लावते. म्हणजे आपण ज्याला अखंड प्रकाशाची भिंत म्हणतो ती कोणत्याही एका क्षणी बहुतांशी अंधारातच असते. आपला डोळा क्षमाशील आहे. तो हे सारे तुकडे जुळवून घेतो. कॅमेरा क्षमाशील नाही. जेवढा वेळ त्याची पापणी उघडी, तेवढ्यात जे आले तेच तो लिहून ठेवतो.

याचा अनुभव आपणांस घरी जाताना घेता येईल. हल्ली बसच्या कपाळावर गावाचे नाव एलईडीच्या अक्षरांत असते. डोळ्यांनी ते स्वच्छ वाचता येते. त्याचा मोबाईलने फोटो काढून पाहा. पुष्कळदा अर्धी अक्षरे गायब झालेली आढळतील. बसवाल्याने काही बिघडविले नाही आणि मोबाईलही बिघडलेला नाही. दोघांचा ताल निराळा आहे, इतकेच.

तालाचा हा प्रश्न चित्रणाच्या जन्मापासूनचा आहे. चित्रपटात पळत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना आपण पाहिले आहे. तेही याच जातीचे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईस प्रदर्शित झाला. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. त्या चित्राचे कॅमेरामन त्र्यंबक तेलंग. कॅमेऱ्याचा ताल तेव्हा माणसाच्या मनगटात होता. आज तो स्फटिकाच्या घड्याळात आहे. पण दोन ताल जुळविण्याचे काम अजूनही माणसाकडेच आहे.

पट्ट्याचा हिशेब

पट्टा कसा पडतो? आम्ही तो साध्या भागाकाराने समजून घेतला. खऱ्या यंत्रात याहून पुष्कळ बारकावे असतात, परंतु मर्म हेच आहे.

आपल्याकडे दूरचित्रवाणीचा कॅमेरा सेकंदाला ५० वेळा चित्र उचलतो. सामान्यतः त्याची पापणी, म्हणजे शटर, सेकंदाचा ५० वा भाग उघडी असते. भिंत ९६० वेळा उघडझाप करणारी असेल तर एवढ्या वेळात १९.२ उघडझापा होतात. म्हणजे चित्राच्या काही ओळींच्या वाट्याला १९ आणि काहींच्या वाट्याला २० येतात. विसांत एकाचा फरक. तो फिकट असतो, सहसा जाणवत नाही.

आता समजा, शटर सेकंदाच्या ५०० व्या भागावर ठेवले. मैदानी खेळात असे ठेवतात, नाहीतर पळणारा खेळाडू धूसर दिसतो. ९६० ला ५०० ने भागले तर १.९२. म्हणजे चित्राच्या बहुतेक ओळींना दोन झपकारे मिळतात आणि काही ओळींना एकच मिळतो. ज्यांना एकच मिळाला त्या ओळी निम्म्या उजेडाच्या. तोच काळा पट्टा!

तो आडवाच का असतो? आजकालच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा संवेदक चित्र एकदम टिपीत नाही. वरून खाली एकेक ओळ टिपतो. आमच्या वडिलांच्या भाषेत सांगावयाचे तर कॅमेरा चित्र विणतो, बाण्याचा एकेक आडवा धागा टाकीत जातो. एखादा धागा अंधारात पडला तर कापडावर आडवी रेघ उमटणारच. आणि ती रेघ सरकते का? तर भिंतीचे घड्याळ आणि कॅमेऱ्याचे घड्याळ किंचित मागे-पुढे चालते म्हणून.

उपाय तीन. पहिला, भिंत जलद उघडझापीची घ्यावी. ३८४० ची भिंत असेल तर त्याच ५०० व्या भागात ७.६८ झपकारे बसतात. सात आणि आठ यांतला फरक एक आणि दोन यांतल्या फरकापेक्षा पुष्कळ कमी. दुसरा, शटर असे ठेवावे की भागाकार पूर्णांकी यावा. चांगल्या कॅमेऱ्यांत शटर अगदी बारीक पायऱ्यांनी हलविण्याची सोय असते; सोनीच्या कॅमेऱ्यात तिला क्लिअर स्कॅन म्हणतात. ९६० च्या भिंतीला ४८० चे शटर लावले तर प्रत्येक ओळीला बरोबर दोन झपकारे. ६० चे लावले तर बरोबर सोळा. पट्टा नाहीसा होतो. तिसरा उपाय, सर्वांचे घड्याळ एक करावे. ओबी व्हॅनमध्ये ताल देणारे एक यंत्र असते. त्याच्या ठोक्यावर चारही कॅमेरे चालतात. त्याला जेनलॉक म्हणतात. तोच ठोका केबलने भिंतीच्या प्रोसेसरला दिला म्हणजे भिंतही त्याच तालावर येते. गिरणीचा भोंगा आठवा. एका भोंग्यावर सगळी पाळी आत जात असे आणि एका भोंग्यावर बाहेर पडत असे. भोंगा दोन निराळ्या घड्याळांवर वाजला असता तर दरवाजावर काय गर्दी उडाली असती!

जाळीवर जाळी

पट्ट्यांखेरीज दुसरा एक उपद्रव आहे. मच्छरदाणीची एक घडी दुसरीवर ठेवून किंचित हलवा. जाळीत नसलेल्या लाटा आणि वळसे दिसू लागतात. तलम वस्त्राच्या दोन पदरांतही असे दिसते. इंग्रजीत याला म्वारे म्हणतात. लाटांची झाक असलेल्या रेशमाचे ते फ्रेंच नाव आहे. भिंत म्हणजे दिव्यांची जाळी आणि कॅमेऱ्याचा संवेदक म्हणजे टिपणाऱ्या कणांची जाळी. दोन्ही जाळ्यांच्या घरांची मापे एकमेकांच्या जवळपास आली की वक्त्याच्या मागे साप वळवळू लागतात.

त्या समारंभातल्या भिंतीचेच माप घेऊ. भाड्याच्या भिंतीचे एक पॅनेल सहसा अर्धा मीटर चौरस असते. त्यात एका बाजूस १२८ दिवे असले तर दोन दिव्यांतले अंतर ३.९ मिलिमीटर पडते. पाच मीटर रुंदीत दहा पॅनेले, म्हणजे १२८० दिवे. एचडी कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० कण. भिंतीने सबंध चौकट भरली तर एका दिव्याच्या वाट्याला दीड कण. या प्रमाणात साप हमखास निघतात. कॅमेऱ्याने जवळचे दृश्य घेतले, चौकटीत भिंतीचा तिसरा भागच राहिला, तर एका दिव्याला साडेचार कण मिळतात. साप कमी होतात. मात्र दिव्यांचे ठिपके सुटे दिसू लागतात.

यावर कॅमेरामनची युक्ती अशी की, भिंत किंचित अस्पष्ट ठेवावी. डोळ्यांच्या रेषेत वक्ता स्पष्ट आणि मागची भिंत मऊ, असे असावे. त्यासाठी भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे लागते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वक्ता भिंतीपासून दूर उभा असावा लागतो. वक्त्याची खुर्ची भिंतीला चिकटलेली असेल तर जगातला कोणताही कॅमेरामन काही करू शकत नाही. आता पाहा, व्यासपीठ किती खोल बांधावयाचे हे कोण ठरवितो? मांडव घालणाऱ्याला कोणीतरी सांगतो, "जागा कमी आहे, दोन मीटर कापा." दोन दिवसांनी त्याचे फळ कॅमेरामन भोगतो. एकाच्या कामाची चूक दुसऱ्याच्या कामात उघडी पडते; म्हणून सर्व कारागिरांनी आधी एकत्र बसणे जरूर आहे.

रंग आणि उजेड

हा धडा थोडक्यात सांगतो, कारण तो घरोघरच्या भगिनींस आधीच ठाऊक आहे. दुकानाच्या दिव्याखाली घेतलेले लुगडे उन्हात नेऊन पाहिल्यावाचून कोणी शहाणी बाई पैसे देत नाही. कॅमेऱ्यालाही तसेच करावे लागते. जुन्या पद्धतीचे पिवळट रंगमंच-दिवे ३२०० केल्विनचे, दिवसासारखे दिवे ५६०० चे, आणि भिंत कारखान्यातून येते ती पुष्कळदा ६५०० किंवा त्याहून निळसर. चेहऱ्यावर पिवळा दिवा आणि मागे निळी भिंत असली तर कॅमेऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा? पांढरा कागद वक्त्याच्या जागी धरून कॅमेरा चेहऱ्याच्या दिव्याशी जुळवितात आणि मग भिंत त्याच्याशी जुळवून घेतात. भिंतीला खाली यावेच लागते.

उजेडाचेही तसेच. उघड्या मैदानावरची भिंत उन्हाशी झुंजण्यासाठी केलेली असते. तिचे तेज ५००० निट्सच्या आसपास असते. सभागृहातील भिंत साधारण हजाराच्या घरात. मैदानावरची भिंत आत आणून पूर्ण तेजाने लावली तर वक्ता तिच्यापुढे सावलीसारखा दिसतो. म्हणून ती मंद करतात. पण मंद करणे म्हणजे उघडझापीतला उघडा काळ कमी करणे. ज्या भिंतीत उजेडाच्या २५६ च पायऱ्या आहेत ती दहा टक्क्यांवर आणली तर जेमतेम पंचवीस पायऱ्या उरतात. मग आकाशाचे चित्र दाखवावे तर त्यात जिन्यासारखे टप्पे दिसतात. महाग भिंतीत पायऱ्या हजारोंनी असतात, तेथे हा त्रास कमी. स्वस्त भिंत भाड्याने आणून वर "चित्र गुळगुळीत का नाही?" असे पोरांना विचारण्यात अर्थ नाही.

चौकशी

एवढी तयारी करून आम्ही चौकशीस गेलो. कामगाराचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याच्या मजुरीतून नुकसान कापू नये, हे वेतन-कायद्यातले जुने तत्त्व आहे; ते पुढे करून चौकशी मागितली होती.

आमचा पहिला मुद्दा सोपा होता. अनेक कॅमेऱ्यांच्या कामात कॅमेरामनच्या हाती काय असते? चौकट, झूम आणि फोकस. शटर, भिंगाचे छिद्र आणि रंग हे सारे ओबी व्हॅनमध्ये बसलेला व्हिजन ऑपरेटर सीसीयूवरून ठरवितो. दोन नंबरचा कॅमेरा वक्त्याच्या जवळचे दृश्य घेत होता, त्याच्या चौकटीत भिंत मोठी दिसत होती, म्हणून पट्टे तेथे ठळक दिसले. बाकी तिन्ही कॅमेऱ्यांतही ते होतेच. ज्याच्या हाती कळ नव्हती त्याला दंड कसा?

हे ऐकून कंत्राटदार लगेच म्हणाले, "ठीक आहे. मग ऑपरेटरचे कापू."

श्रोतेहो, येथे आमची खरी परीक्षा झाली. तो ऑपरेटर आमचाच सभासद होता. आदल्या रात्रीच तो आमच्या घरी येऊन सांगून गेला होता की, त्याच्या हातून चूक झाली आहे. समारंभाच्या आधीच्या दिवशी त्याच कॅमेऱ्यांनी मैदानी कबड्डीचे चित्रण झाले होते. शटर ५०० वर होते. ते परत ५० वर आणावयाचे राहून गेले. ऊन कडक होते, त्यामुळे चित्र काळवंडले नाही आणि कोणाच्या लक्षात आले नाही. उजेड कमी करावयास कॅमेऱ्यात काळ्या चष्म्यासारखा फिल्टर असतो. तो लावून शटर मोकळे ठेवावयास हवे होते. "मी विसरलो," एवढेच तो म्हणाला.

आमच्या कार्यकारिणीत दोन मते पडली. काहींचे म्हणणे, पहिला माणूस सुटतो आहे, तेव्हा गप्प बसावे. दुसऱ्याची गोष्ट उघड कशाला करा? आमचे म्हणणे असे की, खोट्याच्या पायावर आज एक मजुरी सुटेल, पण उद्या पुन्हा तोच पट्टा पडेल आणि तिसऱ्याच्या गळ्यास फास लागेल. दोन तास वाद झाला. अखेरीस ऑपरेटर स्वतःच म्हणाला, "मी सांगतो. पण मला विसरायला लावणारी गोष्टही तुम्ही सांगा."

ती गोष्ट आम्ही चौकशीत प्रश्नांनी मांडली. भाषण किती वाजता होते? चार वाजता. जनरेटर किती वाजता आला? साडेतीन वाजता. भिंत केव्हा लागली? चारला दहा मिनिटे असताना. चाचणीस किती वेळ मिळाला? कोणी उत्तर देईना. साठ पॅनेले, प्रत्येक सात-आठ किलोचे, म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपास ओझे पोरांनी उन्हात ट्रसवर चढविले. पण भिंत पेटवून कॅमेऱ्यातून एकदा पाहण्यास कोणाला दहा मिनिटेही मिळाली नाहीत. भिंत कोणत्या प्रतीची मागविली? सर्वांत कमी भाड्याची. तिची उघडझाप किती, हे कोणी विचारले होते? कोणीच नाही. सबंध दिवसाच्या खर्चात तासभराची चाचणी ही एकच गोष्ट फुकट मिळण्याजोगी होती, आणि नेमकी तीच कापली गेली.

शेवटी आम्ही चौकशी अधिकाऱ्यांना विनंती केली की, कागदावर न जाता अंगणात या. तेथे त्याच भिंतीतले एक पॅनेल आणि एक कॅमेरा मांडून ठेवला होता. डोळ्यांनी पाहिले तर पॅनेल निर्मळ. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले तर पट्टे सरकताहेत. मग ऑपरेटरने शटर ५०० वरून हळूहळू खाली आणले. ४८० च्या आसपास येताच पट्टे कोणीतरी पुसावे तसे पुसले गेले. पन्नासावर नेले तरी सहजासहजी दिसेनात. अधिकारी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे आधी करून पाहायला किती वेळ लागला असता?" ऑपरेटर म्हणाला, "साहेब, एवढाच."

निकाल असा झाला. कॅमेरामनची मजुरी परत मिळाली आणि त्याचे नाव पुन्हा पटावर आले. ऑपरेटरला लेखी समज मिळाली. ती आम्ही मान्य केली, कारण ती न्याय्य होती. त्याची मजुरी कापली गेली नाही. आणि पुढच्या करारात एक ओळ आली: थेट प्रक्षेपणाच्या कामी भिंत आणि कॅमेरे एकत्र लावून किमान एक तास चाचणी व्हावी, आणि तो तास कामाचा तास धरावा. आमच्या आयुष्यात पगारवाढीचे पुष्कळ करार झाले; पण या एका ओळीचे समाधान निराळे आहे. आमच्या बाजूनेही एक नियम केला. काम संपले की शटर मूळ जागी आणून वहीत तशी नोंद करावयाची. हक्क मागणाऱ्याने आपल्या चुकीची वहीही ठेवली पाहिजे.

आपल्याकडे एक मागणे

आपण नगरवासी मंडळी या साऱ्यात बाहेरची आहात असे समजू नका. आपल्यांत कोणी उत्सव-मंडळाचे कार्यवाह असतील, कोणी संस्थेचे चिटणीस, कोणाच्या घरी यंदा कार्य असेल. भिंत ठरविताना तुम्हीच पैसे मोजता. तेव्हा भाडे विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. भिंतीची उघडझाप किती? दिव्यांतले अंतर किती आणि कॅमेरा किती दूर राहणार? वक्ता भिंतीपासून किती पुढे उभा राहील? आणि चाचणीस एक तास आहे ना? पहिल्या तिहींची उत्तरे भिंतवाले आणि कॅमेरावाले एकत्र बसून देतील. चौथ्याचे उत्तर तुम्हांलाच द्यावयाचे आहे. कारण पाहुणे वेळेवर यावेत, हार वेळेवर यावेत आणि जनरेटरही वेळेवर यावा, हे यजमानाच्या हाती असते.

यंत्र नवे आले की दोन प्रकारची माणसे बोलताना दिसतात. एक म्हणतात, आता माणसाचे काम संपले. दुसरे म्हणतात, यंत्र बिघडले की माणसाला धरा. आमच्या अनुभवात दोघेही चुकतात. त्या मैदानावर भिंत बिघडली नव्हती आणि कॅमेराही बिघडला नव्हता. दोन्ही यंत्रे आपापल्या तालात अचूक चालली होती. त्यांना एकमेकांच्या तालावर आणणारी माणसेही तेथे हजर होती. फक्त त्यांना वेळ दिला नव्हता.

तो कॅमेरामन आजही कामावर आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, आता भिंत पाहिली की मी आधी कॅमेऱ्यातूनच पाहतो, आणि पट्टा दिसला की हात वर करतो." त्याला आपली चूक काय ते जाणून घ्यावयाचे होते. चूक त्याची नव्हती. पण ज्ञान मात्र आता त्याचे झाले आहे, आणि ते त्याच्या मजुरीतून कोणाला कापता येणार नाही.